कोंडीरामचा उजवा हातमोजा

मी उजव्या हाताचा मोजा बोलतोय. थंडीतला लोकरीचा मोजा डोळ्यांपुढे आणू नका. मी जाड रबराचा, कोपरापर्यंत पोचणारा, एके काळी नारिंगी असलेला मोजा आहे. आज माझा रंग कोणता, हे सांगायला माणसाला जरा विचार करावा लागेल. काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एकवीस नंबरच्या खोलीबाहेरच्या खिळ्याला मी गेली पाच वर्षं लटकत आलोय. शेजारी डावा असतो. तो माझा जोडीदार खरा, पण बादली धरण्यापलीकडे त्याने आयुष्यात फारसं काही केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. चिनी मातीचे हात रबराच्या चिकात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे आणि केळ्याची साल काढावी तसं आम्हाला त्यावरून सोलून घ्यायचे. म्हणजे मला पहिला हात मिळाला तो मातीचा. थंडगार, गुळगुळीत आणि अगदी सरळ बोटांचा. सगळे हात असेच असतात अशी माझी समजूत होती.

१९८१ च्या दिवाळीच्या सुमारास मी लालबागच्या एका गिरणीत आलो आणि ब्लीच खात्यातल्या कोंडीरामने माझ्यात हात घातला. मी दचकलोच. हात गरम असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचं मधलं बोट जरा वाकडं होतं, तळव्याला घट्टे होते आणि तर्जनीच्या टोकाशी नाडी अशी टकटक करायची की मला वाटायचं, कुणी दार वाजवतंय. चार दिवसांत मी त्या वाकड्या बोटाच्या वळणाचा झालो. ते वळण अजून गेलेलं नाही.

ब्लीच खात्यात मागावरून उतरलेलं मळकट कापड ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात घालून पांढरंशुभ्र करत. तिथला वास असा की नवखा माणूस दारातच ठसकायचा. कोंडीराम तिथे चौदा वर्षं होता. कोणत्या डागाला गार पाणी, कोणत्याला गरम, पावडर किती वेळ मुरू द्यायची, पावडर आणि ॲसिड एकत्र आलं तर कसं पळायचं, हे सगळं त्याच्या हाताला पाठ होतं. पाळी सुटली की तो मला साबणाने धुवायचा, उलटा करून वाळवायचा आणि आत शंखजिऱ्याची पावडर भुरभुरायचा. बाकीचे त्याला हसायचे. म्हणायचे, बायकोला एवढी पावडर लावलीस का कधी?

पण मी तुम्हाला माझं खरं दुखणं सांगतो. त्या हाताने जे जे चांगलं केलं, ते मला काढून ठेवल्यावर केलं. भाकरी मोडली, लेकीची वेणी घातली, चाळीतल्या सुभद्रेच्या लग्नाला म्हणा की गणपतीत म्हणा, ढोलकी वाजवली, ते सगळं उघड्या हातांनी. माझ्या वाट्याला आलं पावडरचं पाणी आणि नंतर त्याहून वाईट. तो हात माझा होता आणि त्याचं सुख माझं नव्हतं. याचा मला हेवा वाटायचा, हे कबूल करायला आता कसली लाज.

जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. शेवटच्या पाळीला कोंडीरामने आम्हा दोघांना वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकलं. चार दिवसांत परत यायचंच आहे, तोवर खात्यात ठेवले तर कुणीतरी आपले फाटके ठेवून हे उचलून नेईल, असं त्याला वाटलं. त्या चार दिवसांचं दीड वर्ष झालं. मी पलंगाखालच्या ट्रंकेत पडून होतो. त्याची बायको दुर्गा खानावळीसाठी पोळ्या लाटायला लागली. लेक गुणवंती तेव्हा मॅट्रिकला होती. कोंडीराम अधूनमधून ट्रंक उघडायचा, कागद सोडायचा, मला शंखजिरं लावायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. हात मात्र घालायचा नाही. मी वाट बघायचो.

हात आत आला तो लहू गेला त्या दिवशी. लहू शेजारच्या चोवीस नंबरमधला, त्याच गिरणीतला मागवाला. त्याला क्षय होता. संपात तो गावी गेला आणि औषध अर्ध्यावर सुटलं. परत आला तो नुसता हाडांचा सापळा होऊन. एका सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली आणि खाली टॅक्सी येईपर्यंत सगळं संपलं. त्याला नेलं, पण खोली तशीच राहिली. भिंत, चटई, तांदळाचा डबा, सगळीकडे रक्त. झाडूवाला दारापर्यंत आला, आत डोकावला आणि परत गेला. गॅलरीभर माणसं उभी होती, पण उंबरठा कुणी ओलांडेना. शेवटी लहूची बायको शांती उठली, तिने पदर खोचला आणि फडकं उचललं.

कोंडीराम ट्रंकेकडे गेला. मला हातात चढवून तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वैनी, तुमी बाहेर बसा," तो म्हणाला. "ह्ये तुमच्या हातानं नको."

त्याने तोंडाला पंचा बांधला. दारापासून सुरुवात करून आत सरकत गेला, म्हणजे आपलाच पाय रक्तात पडायला नको. पाणी गार घेतलं, कारण गरम पाण्याने रक्त धरून बसतं, हे त्याला कापडाने शिकवलेलं होतं. पावडर टाकली की थांबायचा. घाई केली नाही. तीन तासांनी त्याने लहूचा चष्मा धुऊन शांतीच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला आणि नुसता धरून बसली. गॅलरीतली माणसं एकेक करून आपापल्या खोलीत गेली.

चाळीची बातमी चाळीत राहत नाही. परळमध्ये कुणी जिन्यावरून पडला, कुणी एकटा राहणारा चार दिवसांनी सापडला, की लोक काळाचौकीला कोंडीरामचं घर विचारत यायला लागले. मग दादरच्या कायतानचा निरोप आला. कायतान हा साठी उलटलेला ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थ. मेलेल्या माणसांसाठी लाकडी पेट्या करून द्यायचं त्याचं दुकान. पेटी न्यायला आलेले लोक त्याला नेहमी विचारत, आता खोली कोण धुणार? त्याला असा माणूस हवाच होता. त्याने कोंडीरामला गुडघ्यापर्यंतचे बूट दिले, काचा उचलायला चिमटा दिला आणि नियम दिले. आत बिडी नाही, चहा नाही, नाकाला हात नाही. काच बोटाने उचलायची नाही. पावडर टाकल्यावर एक अख्खी माळ जपून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. कोंडीरामकडे माळ नव्हती, तो तेवढ्या वेळात भजनातला अभंग मनात चार वेळा म्हणायचा.

"मेलेल्याला तुझी घाई नाय, कोंडीराम," कायतान त्याला बजावायचा. "घाई घरवाल्यांना असते. त्यांचं आयकायचं, पण हात आपल्या अकलेनं चालवायचा."

चार वर्षं आम्ही हे काम केलं. माणसं मी किती पाहिली! दाराबाहेर उभी राहून ती गेलेल्या माणसाचं कौतुक सांगत आणि मध्येच हळूच विचारत, गादीखाली किल्ली सापडली का? काम झालं की कोंडीरामला चहा मिळायचा, पण वेगळ्या कपात, आणि तो कप नंतर घरात जायचा नाही. गोमूत्राची बाटली तर सगळीकडे तयार असायची. कोंडीराम म्हणायचा, तुमचं खुशाल शिंपडा, पण आधी माझं मुरू द्या. याच माणसांच्या डोळ्यांत पुसलेली खोली बघून पाणी यायचं. आपल्या माणसाचं रक्त आपल्याला पुसावं लागलं नाही, हे त्यांना बोलून दाखवता यायचं नाही, एवढंच.

घरी मात्र मला प्रवेश नव्हता. ट्रंकेतले दिवस गेले. कोंडीराम मला गॅलरीतल्या नळावर पावडरच्या पाण्यात धुवायचा, खिळ्याला टांगायचा, स्वतः डोक्यावरून आंघोळ करायचा आणि मगच खोलीत पाऊल टाकायचा. दुर्गाने मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. नियम बरोबर होता, मला तो कळत होता. तरी दाराच्या फटीतून पोळी भाजल्याचा वास यायचा, गुणवंती मोठ्याने काहीतरी वाचून दाखवायची, तो हसायचा, आणि मी बाहेर ओला टपकत असायचो. तो हात आत काय करत असेल, याचा मी दिवसभर विचार करायचो. गुणवंती पुढे परळच्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लागली, तेव्हा त्याने पेढे वाटले. तेसुद्धा उघड्याच हातांनी.

आता फणसवाडीचं सांगतो. सांगायचं नव्हतं, पण त्यावाचून गोष्ट पुढे जायची नाही.

गिरगावच्या फणसवाडीत काशीबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. पूजा करताना चक्कर येऊन पडल्या आणि देव्हाऱ्यावरच आदळल्या. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं. आम्ही गेलो तेव्हा देव्हारा कलंडलेला होता, देव रक्तात पडलेले होते, आणि तसबिरीची काच तडकलेली होती. काशीबाईंची भाची दाराशी उभी होती. तिने हात जोडले.

"देव तेवढे आधी काढून द्या हो," ती म्हणाली. "पण ते मोजे नका लावू त्यांना. मावशी सोवळ्यात पूजा करायची."

कोंडीराम थांबला. खरं सांगू, मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी चांगलं हातात येणार होतं. मला पावडरच्या पाण्यात बुडवलं असतं, एक माळ थांबला असता, तरी चाललं असतं. देवांना बाहेर काढून स्वच्छ धुता आलं असतं. कायतानचे शब्द त्याला पाठ होते. पण तो भजनी माणूस. ज्या रबराने चार वर्षं माणसांचं रक्त पुसलं, ते देवाला लावायला त्याचं मन होईना. त्याने मला ओढून काढलं आणि बादलीच्या काठावर ठेवलं.

उघडे हात नळाखाली धुऊन, नमस्कार करून, त्याने एकेक देव उचलला. बाळकृष्ण उचलला, अन्नपूर्णा उचलली. मग तसबीर उचलली आणि काच सटकली. तर्जनीला चीर पडली, फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याने बोट नळाखाली धरलं, काशीबाईंच्या कोयरीतली हळद दाबली आणि देव भाचीच्या ओच्यात दिले. ती रडली. मग तो परत आला आणि त्याने माझ्यात हात घातला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या आत रक्त आलं. इतरांचं रक्त मी नेहमी बाहेर ठेवलं होतं. हे त्याचं होतं, आणि मला ते कुठेच नेता येईना.

त्याने ना कायतानला सांगितलं, ना दुर्गाला.

अडीच महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले. दुर्गाने कावीळ उतरवणाऱ्याला बोलावलं. माझ्यासमोर, गॅलरीतच, त्याने कोंडीरामच्या हातांना कसलीशी पूड लावली आणि चुन्याच्या पाण्याने हात धुतले. पाणी पिवळंधमक झालं. शेजारणी म्हणाल्या, बघा, कावीळ उतरली. कोंडीराम थकलेला होता, तरी त्याला हसू आलं. असा रंग आम्ही खात्यात रोज काढायचो, म्हणाला. त्या दिवशी मी त्याचा हात जवळून पाहिला. नखंसुद्धा पिवळी होती.

गुणवंती कामावरून आली आणि तिने एका नजरेत ओळखलं, रक्तातून लागणारी कावीळ तिने हॉस्पिटलात पाहिली होती. टॅक्सी आणवली. त्याला धरून गॅलरीतून नेताना ती माझ्यासमोरच थांबली.

"आबा, कुठे कापलं होतं का?"

त्याने तर्जनी पुढे केली.

"मोजे होते ना हातात?"

"देव उचलायचे होते, पोरी."

"देव धुता आले असते, आबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

तिचं बरोबर आहे, अशी त्याने मान डोलावली. मग जाता जाता त्याने माझ्या बोटांवरून हात फिरवला. वाकड्या बोटापाशी जरा थांबला. उघडा हात, बाहेरून, मायेने, असा तो एकदाच लागला. जिना उतरताना त्याची पावलं मी मोजत होतो. बाराव्या दिवशी दुर्गाच्या रडण्याने मला कळलं की तो हात आता येणार नाही.

त्यानंतर मी खिळ्यावरच राहिलो. माझ्याकडे कुणी बघेना आणि मला काढून टाकायची हिंमत कुणाला होईना. ऊन यायचं, वारा यायचा. शंखजिरं लावणारं कुणी नव्हतं. रबराला आतून आस लागली की ते कोरडं पडतं, असं मी म्हणतो. माणसं म्हणतील, जुनं झालं. एका दुपारी मला तर्जनीच्या मुळाशी बारीक चीर जाणवली. केसाएवढी. बाहेरून दिसत नव्हती.

वर्ष होऊन गेलं आणि काल कायतान जिना चढून आला. खूप म्हातारा वाटला. परळला एका तरुण पोराने खोलीत जीव दिला होता, घरात फक्त त्याची आई होती. पुसायला बोलावलेली दोन माणसं बघून परत गेली. आता ती माउली स्वतःच पुसायला बसणार, असं त्याने सांगितलं आणि खाली मान घातली. त्याने कुणाकडे काही मागितलं नाही. गुणवंती म्हणाली, उद्या सकाळी मी येते.

दुर्गा आधी भांडली, मग जेवली नाही. आज सकाळी गुणवंती निघाली, तेव्हा दुर्गाने एवढंच सांगितलं:

"जायचंच असेल तर त्यांचे मोजे घालून जा. त्यांचा हात राहील तुझ्या हातावर."

माझी काय अवस्था झाली, ते तुम्हाला कसं सांगू? गुणवंतीने मला खिळ्यावरून काढलं. तिचा हात लहान, पण बोटं बापासारखी लांब. आत ऊब येणार होती. मी पुन्हा कुणाचा तरी होणार होतो. त्याच्याच रक्ताचा हात. पण माझ्या तर्जनीच्या मुळाशी चीर होती, मला ती ठाऊक होती आणि मला बोलता येत नव्हतं.

गुणवंतीने हात घातला नाही. हॉस्पिटलात त्यांना शिकवतात तसं तिने आम्हाला नळाखाली धरलं, बोटांपर्यंत पाणी भरलं आणि वरून पिळून घट्ट धरलं. आधी डावा. तो ठणठणीत निघाला, थेंबही नाही. मग मी. दुर्गा दारात उभी राहून बघत होती. पाण्याचा दाब माझ्या बोटांत आला, अगदी हात आत आल्यासारखा. मनात आलं, क्षणभर घट्ट मिटून राहावं. एवढीशी तर चीर. कुणाला कळणार आहे? मग मला फणसवाडीतली ती तांदळाच्या दाण्याएवढी चीर आठवली, आणि मी धरून ठेवलेलं सगळं सोडलं.

तर्जनीच्या मुळाशी एक थेंब आला. गोल झाला, थांबला आणि फरशीवर पडला.

"एक थेंब तर आहे," दुर्गा म्हणाली.

"आई, आबांना पण एवढंच लागलं होतं."

गुणवंतीने दुर्गाला समजावलं की मोजे अख्खे टाकायचे नाहीत. भंगारवाला उचलतो, विकतो आणि कुणीतरी दुसरा ते भरवशाने घालतो. ते कापूनच टाकायचे. नवी जोडी ती वाटेत कायतानकडून घेणार आहे. दुर्गा आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती कात्री घेऊन आली. लेकीने हात पुढे केला, पण तिने कात्री दिली नाही. खाली बसली, पदर मांडीवर सारखा केला आणि त्यावर मला घेतलं. आज पहिल्यांदा तिने मला हात लावला. ती माझं एकेक बोट चाचपते आहे. वाकड्या बोटापाशी आली आणि थांबली आहे, आणि तिने ते मुठीत धरलं आहे, तो असताना धरत असेल तसं.

गुणवंते, नवे मोजे घे आणि त्यांना शंखजिरं लाव. काम संपेपर्यंत काढू नकोस. कुणी हात जोडले तरी नको, देव समोर असले तरी नको. त्या बाईला बाहेर बसव. तिला सांग, हे तुमच्या हातानं नको.

आणि दुर्गाबाई, तुम्ही आता थांबू नका. तर्जनीपासून कापा. माझ्यात हात यावा असं मला अजूनही फार वाटतंय, म्हणूनच म्हणतो, लवकर कापा. पोरीचा हात कोरडा राहू दे.